तेल्या न लागलेलं झाड

आमच्या आबांना डाळिंबाची अशी जात काढायची होती, जिला तेल्या रोग लागणार नाही आणि जी नेहमीच्या 'भगवा' वाणापेक्षा जास्त फळ धरेल. तासगावच्या रानात ते रोपं वाढवत आणि मग तेल्यानं काळी पडलेली पानं ठेचून, पाण्यात कालवून, स्वतःच त्यांच्यावर फवारत. डाग दिसला की रोप उपटून बांधावर. "जगायची लायकी न्हाई त्येची," म्हणायचे.

संकराचं काम मात्र आक्काचं. माझी थोरली बहीण, कोरेगावला दिलेली. मूल होत नाही म्हणून सासरच्यांनी परत आणून सोडलेली. कळी उमलायच्या आत चिमट्यानं फोडायची, आतले पुंकेसर काढायचे, दुसऱ्या झाडाचा पराग लावून वर कागदाची पिशवी बांधायची. आबांचे हात कापायचे. आक्काचे नाही.

काही वर्षांनी तिच्या एका रोपावर डाग पडलाच नाही. त्याचं झाड झालं, फांद्या वाकेपर्यंत लगडलं. कुणी चोरील म्हणून आबांनी त्याची कलमंही करू दिली नाहीत.

झाड बघायला पाहुणे आले. एकानं विचारलं, "संकर कुणी केला?"

"मीच. दुसरं कोण हाय?"

आक्का चहा घेऊन उभी होती. पाहुणा म्हणाला, "ही लेक व्हय? माहेरपणाला आलीया?"

आबा हसले. "न्हाई वो. रोप आसती तर कवाच उपटली आसती. फळत न्हाई."

पाहुणेही हसले. आक्कानं सगळ्यांना चहा दिला, कपबश्या विसळल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कुऱ्हाड आणि टिकाव घेऊन रानात गेली. डाळिंब बुडख्यातून परत फुटतं, म्हणून झाड तोडून तिनं मुळंसुद्धा खणून काढली. आबा ओरडत धावले, "आगं, निरोगी झाड हुतं त्ये!"

"व्हय. माझंच हुतं."

आबांनी तिला मारलं. मी मध्ये पडले, तर मलाही. दुपारच्या एसटीनं ती साताऱ्याला गेली. तिथं एका वसतिगृहात स्वयंपाक करते.

आबा लोकांना सांगतात, झाड शेरडांनी खाल्लं. खड्ड्यापाशी बसून काडीनं माती उकरत राहतात.

परवा आक्काचा फोन आला. "कुठं फुटवा आला का गं?"

"न्हाई."

"बरं झालं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मी कशी आहे, हे तिनं विचारलं नाही.