एकतीस फाटकांचं प्रदर्शन

दक्षिण कोरियातल्या देगू शहरात, आमच्या चढाच्या गल्लीत, माझ्या तांदळाच्या वड्यांच्या दुकानासमोर, 'बित' नावाची फोटोंची गॅलरी आहे. दर एप्रिलला तिथे वार्षिक प्रदर्शन भरतं. फोटो आमच्याच भागातल्या हौशी लोकांनी काढलेले असतात. ते निवडतात डायरेक्टर मेंगसाहेब. चौकटी बनवून भिंतीवर लावतात प्यो ओक-बुन.

ओक-बुनताईंचा नवरा चौकटी बनवायचा. तो गेल्यावर ताईंनी त्याची करवत हातात घेतली, ती आजपर्यंत खाली ठेवलेली नाही. बुटक्या, रुंद खांद्यांच्या, बोलायला फटकळ. एका वर्षी त्यांनी सगळे फोटो चार बोटं खाली लावले. मेंगसाहेब म्हणाले, "ताई, जगभर डोळ्यांच्या उंचीवर लावतात."

"कुणाच्या डोळ्यांच्या? इथे येणारी निम्मी माणसं पाठीत वाकलेली. त्यांनी काय छताकडे बघत फिरायचं?"

फोटो तसेच राहिले. त्या वर्षी म्हातारी माणसं प्रत्येक फोटोपुढे थांबताना मी दुकानातून पाहिली.

मग २०२० साल आलं. फेब्रुवारीत देशात सगळ्यात जोरात आमच्याच शहरात कोरोनाची साथ पसरली आणि रस्ते ओस पडले. माझी चूल महिनाभर बंद होती. एकतीस फोटो निवडून, चौकटीत बसवून तयार होते, आणि गॅलरीच्या दाराला कुलूप होतं.

मार्चअखेरीस मेंगसाहेब आणि ताई माझ्या दुकानाबाहेर, दोघांत दोन हात अंतर ठेवून उभे होते. साहेब म्हणाले, "यंदा प्रदर्शन कॉम्प्युटरवर करू. सगळ्याच गॅलऱ्या तेच करताहेत."

"करा की. पण आपल्या गल्लीत बघणार कोण? लोकांना फोनवर नातवाचं तोंड दिसतं तेवढंच. तेही निम्म्या वेळा नातवाचं कपाळ असतं."

"मग काय, लोकांना आत बोलवू?"

 ताईंची नजर माझ्या फाटकाकडे गेली. शेजारणीने आंबवलेल्या कोबीच्या किमचीचा डबा कडीला अडकवून ठेवला होता. त्या दिवसांत कुणी कुणाच्या घरात जात नसे, पण डबे मात्र फाटकाफाटकावर फिरत.

"डबा जातो ना घरोघर?" ताई म्हणाल्या. "मग फोटोही जाईल. माणसांनी चालायचं नाही, प्रदर्शन चालेल."

साहेबांना ते पटलं नाही. पावसाचं काय, चोरीचं काय, असं बरंच काही विचारून झालं. शेवटी म्हणाले, "काही झालं तर जबाबदारी?"

"चौकटी माझ्या हातच्या आहेत. जबाबदारी माझी."

तीन दिवसांत त्यांनी प्रत्येक चौकटीला प्लास्टिकचं आवरण चढवलं आणि गल्लीतल्या एकतीस फाटकांवर फोटो अडकवायला लोखंडी आकडे ठोकले. ठोकण्याआधी बाहेरूनच हाक मारायच्या, "दारात उभे राहा, तुमची उंची बघू दे." चौदाव्या घरातले ब्योनकाका कमरेत पार वाकलेले, एकटे राहायचे. त्यांच्या फाटकावरचा आकडा माझ्या कमरेइतका खाली आला.

एक एप्रिलला प्रदर्शन सुरू झालं. ताईंचं घर चढाच्या अगदी तळाशी, फाटक एकतीस. रोज सकाळी दहाला त्या आपल्या फाटकावरचा फोटो काढून छातीशी धरायच्या आणि एकशे चाळीस पायऱ्या चढायला लागायच्या. त्या समोरून गेल्या की मागे फाटक उघडायचं आणि त्या घरचं माणूस मास्क लावून आपला फोटो खालच्या फाटकाला अडकवून परत आत जायचं. ताई माथ्यावर पोचेपर्यंत पहिलं फाटक रिकामं झालेलं असे. हातातला फोटो त्या तिथे लावायच्या आणि धापा टाकत पायरीवर बसायच्या. म्हणजे रोज प्रत्येकाच्या दारात नवा फोटो. गल्लीत इतके दिवस जो तो आपापल्या घरात धसकून बसला होता. आता दहा वाजायची लोक वाट बघायला लागले.

नवव्या दिवशी दहाच्या आधीच ब्योनकाकांना ताप भरला आणि रुग्णवाहिका त्यांना घेऊन गेली. पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांनी फवारणी केली. काकांच्या फाटकावर त्या दिवशी सफरचंदाच्या बागेत झोपलेल्या माणसाचा फोटो होता.

पंधराव्या फाटकाचे योमदादा बसचालक होते, आता निवृत्त. दार किलकिलं करून ते ओरडले, "तो फोटो माझ्या दारात आणायचा नाही. आधीच सांगतोय. माझ्या बायकोला दमा आहे."

ताई पायरीवरच थांबल्या. मला वाटलं, आता ह्यांच्या तोंडाचा पट्टा सुटणार. पण त्या म्हणाल्या, "बरोबर आहे दादा. तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत."

त्यांनी हातमोजे घातले, फोटो काढला, आवरण बदललं आणि पाच दिवस तो आपल्या अंगणात उन्हात ठेवला. पण रांग थांबू दिली नाही. त्याच्या जागी त्यांनी रिकामी चौकट लावली आणि आत कागद चिकटवला : 'हा फोटो विश्रांती घेत आहे. ब्योनकाकाही.' ती चौकटही बाकीच्यांसारखी रोज एकेक फाटक उतरत गेली. माझ्या दारात आली तेव्हा मी तिच्यापुढे इतर कुठल्याही फोटोपेक्षा जास्त वेळ उभी राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर कागदावर खाली योमदादांचं अक्षर, रात्री येऊन लिहून गेले असावेत : 'काका, लवकर या.' सहाव्या दिवशी ताईंनी खरा फोटो परत रांगेत लावला. काकांच्या रिकाम्या घराचं फाटकही त्या वगळत नसत; तिथला फोटो स्वतः पुढे सरकवायच्या.

तिसाव्या दिवशी काका परतले, वाळून काठी झालेले. दुसऱ्या दिवशी प्रदर्शन संपायचं होतं. ताईंनी फाटकाबाहेरून विचारलं, "कसं वाटतंय?"

"जिवंत आहे. तेवढे फोटो राहिले माझे. मी नऊच पाहिले."

 संध्याकाळी ताईंनी प्रत्येक घराला फोन केला. मला म्हणाल्या, "आणखी एक फेरी करायची म्हणते. एकट्या माणसासाठी सगळ्यांना महिनाभर कामाला लावणं बरं दिसेल का?"

"योमदादांना विचारलंत?"

"पहिलं त्यांनाच विचारलं. ते म्हणतात, पायऱ्या मी चढतो, तुम्ही आता गुडघे सांभाळा."

मेंगसाहेबांनी तर गॅलरीच्या पाटीवरची समारोपाची तारीख स्वतः खोडली. काकांना ताईंनी सांगितलं, "पहिले नऊ तुम्हाला परत बघावे लागतील हं."

"बघेन. तेव्हा भेदरलेलो होतो, नीट कुठे पाहिले?"

मेभर फोटो पुन्हा गल्लीतून चालले. योमदादा खालून वर आणत, आणि चौदाव्या फाटकाशी जरा जास्तच रेंगाळत. आत काका बुटक्या स्टुलावर बसून फोटो बघत आणि आतूनच मत देत. शेवटच्या दिवशी एकतीसच्या एकतीस चौकटी गॅलरीत परत आल्या. एकीचीही काच तडकली नव्हती. ताईंनी प्रत्येकीची मागची बाजू हाताने चाचपून पाहिली आणि मगच पाणी प्यायल्या.

एका वर्तमानपत्राचा माणूस मेंगसाहेबांची मुलाखत घ्यायला आला. "ही कल्पना तुम्हाला सुचली कशी?" असं त्याने विचारलं. साहेब ताईंकडे बोट दाखवून म्हणाले, "मी विरोध केला होता. सुचली त्यांना." ताई तेव्हा खिळे वेचत होत्या. त्या म्हणाल्या, "लिहा, पण फोटो नको, केस विस्कटलेत." त्याने काढलाच. तो फोटो पुढच्या वर्षी प्रदर्शनात होता. तो लावताना ताईंनी दोनदा पातळी तपासली, इतरांसारखीच, कमी नाही की जास्त नाही.

त्या वसंतात सोलमध्ये माझी मुलगी कुणाला सांगायला कचरायची की आई देगूत राहते. लोक दोन पावलं मागे सरकायचे. परवा तिच्याकडे गेले होते. लिफ्टमध्ये एका बाईने विचारलं, कुठल्या तुम्ही? मी म्हणाले, देगूची. आणि माझा मजला आला तरी मी उतरले नाही. तिला ओक-बुनताईंची गोष्ट पूर्ण सांगितली, तेव्हा कुठे उतरले.