तुकडेवाली बाय

पॅथॉलॉजीचे डॉक्टर सहसा पेशंटला बघत नाहीत. त्यांच्यापुढे येते ती मायक्रोस्कोपखालची काच. जव्हारच्या आमच्या दवाखान्यातल्या बाई मात्र तुकडा ज्याचा, त्याला आधी वॉर्डात येऊन भेटायच्या. अंगातला कणभर तुकडा काढून रोग सांगते, म्हणून पाड्यांवर त्यांचं नाव ‘तुकडेवाली बाय’ पडलं होतं. लोक त्यांच्याशी एकेरीत बोलत. त्याही लोकांशी तसंच बोलत.

मी तिथे नवा डॉक्टर. साखरशेतची जानी मानेवर गाठींची माळ घेऊन आली, तेव्हा अगदी वाळून गेली होती. शहरात कुणीतरी नुसतं चाचपून कॅन्सर सांगितला होता. नवऱ्याने, लक्ष्मणने, आशा सोडली होती. घरचं रांधायला थोरल्या पोरीला आश्रमशाळेतून काढून आणलं होतं.

“उगा कापू नको,” तो मला म्हणाला. “मरायचीच हाय तं घरी मरू दे.”

बाई मागेच उभ्या होत्या. “कॅन्सर कुणी डोळ्यांनी बघितला?”

“कुनी नाय,” लक्ष्मण म्हणाला.

“मग मी बघते. तोवर हिला नेऊ नकोस.”

मी गाठीचा तुकडा काढला. बाईंनी तो मेणात बसवला, त्याचे पापुद्र्यासारखे काप केले, रंगवले. पेशींची ठेवण बघून मी घाईने म्हटलं, “टीबीच ना?”

“वाटतोय. पण मला जंतू दिसू दे.”

जंतूसाठीचा वेगळा रंग देऊन त्या मायक्रोस्कोपला बसल्या, त्या जेवायलाही उठल्या नाहीत. उन्हं कलल्यावर म्हणाल्या, “लक्ष्मणला बोलव.”

त्यांनी त्याला मायक्रोस्कोपला डोळा लावायला सांगितला. निळ्या रंगात एक बारीक लाल काडी होती. “हा टीबीचा जंतू. कॅन्सर नाही. हा औषधाने मरतो.”

लक्ष्मणने डोळा काढलाच नाही. “एवढासाच? मंग ती जगंल?”

“गोळ्या मधेच सोडल्या नाहीत तर जगेल. आणि पोरीला शाळेत पोचवून ये.”

गोळ्यांनी जानीला मळमळायचं. तिने त्या बंद केल्याचं कळलं, तेव्हा बाई जीपने साखरशेतला गेल्या आणि तिच्या ओट्यावर बसून तिला भाकर खायला लावून, गोळी गिळेपर्यंत हलल्या नाहीत. जानी बरी झाली. पुढे शेजारणीला हाताला धरून घेऊन आली, “बाय, हिचा बी तुकडा काढ.”

बाईंनी मलाही काचा वाचायला शिकवलं. निवृत्तीनंतर त्या नाशिकला गेल्या, तरी अवघड स्लाइड मी कापसात गुंडाळून, डब्यात घालून एसटीने पाठवायचो. त्या फोनवर उत्तर द्यायच्या.

एकदा फोन त्यांच्या मुलाने केला. “आई सकाळी गेली. तुमचा डबा आलाय, उघडलेला नाही. काय करू?”

डबा परत आला. मोखाड्याच्या एका बाईच्या गाठीची काच होती. मी दार लावून मायक्रोस्कोपला बसलो. कितीतरी वेळाने ती लाल काडी दिसली. “सापडला,” मी मोठ्याने म्हणालो. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.