पिपरहा तळ्यातली बुडी

दामिनी कापगतेला घाण आवडते, असं भिलाईच्या हुडको वसाहतीतली अर्धी माणसं छातीठोकपणे सांगतील. बाई चाळणी घेऊन तळ्याच्या चिखलात उभी राहते, चिखल गाळते, त्यातले किडे चिमट्यानं उचलते आणि बाटलीत घालून घरी नेते. तिला घाण नाही तर काय अत्तर आवडणार? पण खरं सांगू का, इतकी किळस मानणारी बाई साऱ्या भिलाईत नसेल. जिभेला बोट लावून कोणी कागद उलटला की ही तो कागद हातात धरत नाही. पंगतीत वाढप्याचा अंगठा वरणात बुडालेला दिसला की ही हात धुऊन मोकळी. भेंडीसुद्धा खात नाही, बुळबुळीत म्हणून.

चिखलाची मात्र तिला किळस नाही. एका खासगी कॉलेजात ती प्राणिशास्त्र शिकवते, आणि उरलेल्या वेळात दुर्गपासून रसमड्यापर्यंतची तळी, डबकी, नाले पालथे घालते. कोणत्या तळ्याच्या तळाशी कोण राहतं, हा तिचा अभ्यास. वरवर पाणी निळं दिसो की हिरवं, तिला त्याचं काही नाही. तळाशी शिंपल्या आहेत का, चतुराची पिल्लं आहेत का, झिंगे आहेत का, ते ती बघते. ती सगळी नांदत असली की तळं धडधाकट आहे असं समजायचं.

किळस तिला येते माणसांची. आणि का येऊ नये? कॉलेजात जैवविविधता दिवस होतो तेव्हा थर्माकोलचे मासे कापतात. तळ्याकाठी बॅनर लावतात, भाषणं होतात, समोसे होतात, आणि समोशांच्या प्लेटा तळ्यातच जातात. एका वर्षी पाहुणे म्हणून भय्याजी आले होते. भय्याजी म्हणजे इथल्या आपल्या मराठी समाजाचे अध्यक्ष, स्टील प्लांटमधून रिटायर झालेले, पांढऱ्याशुभ्र धोतरातले वजनदार गृहस्थ. "जल हे जीवन हाय" असं अर्धा तास सांगून झाल्यावर त्यांनी गळ्यातला हार काढला, तो पुन्हा प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली आणि श्रद्धेनं तळ्यात सोडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दामिनीला त्या दिवशी समोसा घशाखाली उतरला नाही.

तिचे वडील रामाजी भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीकडचे, तळ्यांच्या मुलखातले. प्लांटात क्रेन चालवायला म्हणून भिलाईत आले, उभी नोकरी सेक्टर दहाच्या क्वार्टरमध्ये काढली, आणि रिटायर झाल्यावर हुडकोत लहानसं घर बांधलं. सुटीच्या दिवशी गळ घेऊन पिपरहा तळ्यावर बसायचे, सोबत दामिनी. पाण्यात उतरायच्या आधी चप्पल लांब काढून ठेवायचे. "आमच्या गावात तळ्यात थुंकलं तर म्हातारे कानफाडीत देत होते," असं सांगायचे. गळाला मासा लागो न लागो, पोरीला काठचा दगड उलटवून खालची दुनिया दाखवायचे. लेक पुढे तेच शिकली आणि तेच शिकवू लागली, याचं त्यांना फार कौतुक होतं. आई भागीरथा मात्र कपाळाला हात लावायची. "पोरीनं सैपाकघरात किडे आनले बाई, आता इच्यासंग लगन कोन करन?" कोणी केलंही नाही, आणि दामिनीचं त्यावाचून काही अडलं नाही.

मग पिपरहा तळ्याच्या काठावर समाजभवन झालं. वर लग्नाचा हॉल, खाली संडास-मोरी. काही वर्षांनी दामिनीला दिसलं की घाटाच्या पायऱ्यांखालचा चिखल काळा पडलाय. शिंपल्या गेल्या, चतुर गेले, आणि चाळणीत उरल्या त्या नुसत्या बारीक लाल अळ्या, गुंताच्या गुंता. पाण्यात श्वास घ्यायला काही उरलं नाही तरी तगून राहणारी जात ती. दामिनी काठाकाठानं चालत गेली तर पायऱ्यांच्या आडून एक जाड पाइप तळ्यात रिकामा होत होता. कशाचा, हे सांगायला प्राणिशास्त्र लागत नाही. नाक पुरे.

ती तडक भय्याजींकडे गेली. भय्याजींनी कानावर हात ठेवले. "तो बरसाती पान्याचा पाइप हाय बाई." भर उन्हाळ्यात, आकाशात ढगाचा मागमूस नसताना. तिनं महापालिकेत सांगितलं, कॉलेजात सांगितलं, समाजाच्या बैठकीत सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. उलट लोक म्हणू लागले, कापगत्याची पोरगी स्वतः किडे शोधत फिरते आणि आपल्या भवनाले बदनाम करते.

या गरमीत रामाजी गेले. झोपेतच गेले, त्रास झाला नाही. अग्नी पुतण्यानं, हेमराजनं दिला. आणि रडणं जरा ओसरलं तशी घरात दशक्रियेची बोलणी सुरू झाली.

छत्तीसगढात राहून राहून आपल्या लोकांनी इथली रीतही उचललीय. दहाव्या दिवशी सगळं गोत तळ्यावर जातं, आणि विधवेनं डोक्यावरून पाणी जाईल अशी बुडी घ्यायची. तळं कोणतं? तर समाजाचं, म्हणजे पिपरहा. आता भागीरथाबाईला साखरेची बिमारी. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली जखम, महिन्यांपासून भरत नव्हती, रोज पट्टी बदलावी लागायची. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, हा पाय ओला होऊ द्यायचा नाही. जखमेत घाण गेली तर बोट कापावं लागेल आणि ते बोटावरच थांबेल याची खात्री नाही. दामिनीचा बाप नुकताच गेला होता. आता आईचा पाय ती त्या गटारात घालू देणार नव्हती.

"माय, त्या पान्यात भवनाचे संडास येऊन राहिले," ती म्हणाली.

"सारी दुनिया बुडी घेते, कोनी मेलं का?" भागीरथाबाई म्हणाली. "दोन मिनिटाचं काम हाय. तुह्या बाबूजीच्या नावानं मी एवढं बी नाही करू का?"

घरच्या बैठकीत गोत जमलं होतं, भय्याजी मधोमध बसले होते. त्यांनी आवाज मऊ केला. असला मऊ आवाज ऐकला की दामिनीच्या अंगावर पाल चढल्यासारखं होतं. "वयनी, रीत म्हनजे रीत. मी जबरदस्ती नाही करून राहिलो. पन बुडी नाही झाली तर समाज तेरवीले तुमच्या घरचं पान कसं घेईन, सांगा?"

भागीरथाबाईचा चेहरा उतरला. नवऱ्याच्या तेरवीला, तेराव्याच्या जेवणाला, दारात कोणी फिरकलं नाही, पत्रावळी तशाच पडून राहिल्या, याहून मोठी नामुष्की तिला ठाऊक नव्हती. भय्याजींनाही हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर ते तेच बोलले.

दामिनी उठून बाहेर गेली. सकाळीच घाटाखालून आणलेला चिखल तिनं पांढऱ्या ट्रेमध्ये ओतला आणि ट्रे आणून बैठकीच्या मधोमध ठेवला. काळ्या गाळात लाल अळ्या वळवळत होत्या. वासानं खोली भरली.

"हा आपल्या घाटाखालचा चिखल," ती म्हणाली. "इथं अगोदर शिंपल्या होत्या, झिंगे होते. बाबूजीनं मले लहानपनी दाखवले होते. पान्यातला दम गेला का ते सारे जातात, आनि मंग फक्त हे राह्यतात. जिथं गटार, तिथं हे. या पान्यात मायचा उघडा पाय घालता का तुमी?"

लोकांना किळस आली, भरपूर आली. पण कोणाची? तर दामिनीची. कांता आत्यानं पदर नाकाला लावला, "सुतकाच्या घरात किडे आनले इनं." हेमराज तोंड फिरवून म्हणाला, "दीदी, प्लीज हटाओ ना, उलटी आ जाएगी." पाइपबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. आणि भय्याजी हसले. "हे बी जीवच व्हय ना, बाई? पानी जित्तं हाय म्हनून तर त्यात जीव हाय. तूच शिकवते ना पोराईले?" माना डोलल्या. झालं. दामिनीचीच विद्या तिच्याच तोंडावर मारून भय्याजी चहा प्यायले.

दहाव्या दिवशी सगळे घाटावर. न्हावी एका बाजूला डोकी भादरत होता आणि केस पाण्यात जात होते. पाण्यावर हिरवट साय, सायीत नारळाची शेंडी, फाटलेलं डायपर, प्लास्टिकचा हार, कोण्या मूर्तीचा रंग उडालेला प्लास्टरचा हात. समाजातले पुरुष कमरेइतक्या पाण्यात उतरून नाक दाबत होते, बुडत होते आणि घाईघाईनं वर येत होते. थुंकत होते, तेही पाण्यातच. दामिनीच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. रामाजी असते तर एकेकाच्या कानफाडीत दिली असती.

भय्याजी वरच्या एका पायरीवर, कोरड्यात, उंटावरून शेळ्या हाकत उभे. "चला वयनी, ऊन चढून राहिलं."

प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेली भागीरथाबाई वाकली आणि पायाची पट्टी सोडू लागली. एक वेढा, दुसरा वेढा. आतली पिवळसर, ओली जखम उघडी पडली आणि तिच्यावर लगेच माशी बसली. दामिनीनं ती माशी पाहिली आणि तिचं डोकंच फिरलं. तिनं आईचा हात धरला, पट्टी पुन्हा घट्ट गुंडाळली.

"मायच्या नावची बुडी मी घेते," ती म्हणाली.

"तसं नाही जमत," भय्याजी म्हणाले.

पण क्रियेला बसवलेले महाराज उन्हानं त्रासले होते, त्यांना पुढे आणखी एका घाटावर जायचं होतं. "चलेगा, चलेगा," ते म्हणाले. "बेटी का शरीर माँ का ही है. पर सिर पूरा डूबना चाहिए." शास्त्रानंच परवानगी दिल्यावर भय्याजी काय करणार?

दामिनीनं चप्पल वर, लांब काढून ठेवली आणि उतरली. चिखल काळा पडल्यापासून या तळ्यात ती गमबूट घालून, हातमोजे चढवून उतरली होती. आज अनवाणी पायाखाली तो मऊ, कोमट गाळ दबला आणि बोटांमधून वर आला. त्यात कोण आहे, किती दाटीनं आहे, काय खाऊन जगतं, हे तिला नावानिशी ठाऊक होतं. बाकीच्यांना ठाऊक नव्हतं म्हणून ते सुखी होते. तिच्या मांडीला काहीतरी बुळबुळीत घासून गेलं. तिनं मागे वळून खुर्चीतल्या आईकडे पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि बुडाली.

आत नुसता काळोख आणि तो वास. पाण्यालाही वास असतो, नाक दाबलं तरी आत शिरतो. ती वर आली तेव्हा केसांत काळा गाळ होता, कपाळावर कोणाचे तरी भादरलेले केस चिकटले होते. ती धापा टाकत पायऱ्या चढली.

बुडी झाली की ओल्या अंगानं समाजाच्या वडीलधाऱ्याच्या पाया पडायचं. त्यानं डोक्यावर हात ठेवायचा आणि कोरं वस्त्र स्वतःच्या हातानं पांघरायचं, ही पुढची रीत. दामिनी भय्याजींच्या समोर गेली आणि वाकली.

भय्याजी एक पायरी मागे सरले. ती पुढे झाली, ते आणखी एक पायरी मागे. एका हातानं धोतर वर धरलं, दुसरा हात नाकाशी. "राहू दे, राहू दे. तिथूनच. पावलं बाई," ते म्हणाले, आणि नाकावरचा हात काढून कोरं वस्त्र लांबूनच तिच्या अंगावर फेकलं. ते तिच्या खांद्यावरून घसरून पायरीवर पडलं.

घाटावर सगळ्यांनी पाहिलं. हेमराजनं मोबाइलमध्ये डोकं घातलं.

भागीरथाबाई खुर्चीतून उठली. लंगडत आली आणि स्वतःच्या पदरानं लेकीचं तोंड पुसू लागली. गाल, कपाळ, कानाच्या मागचा गाळ.

"हात नको लावू माय, लई घान हाय."

"पाय सुका हाय ना माह्या? मंग चूप राय."

तिनं सगळं पुसून घेतलं. पदर काळा झाला. मग खाली पडलेलं वस्त्र उचललं, झटकलं, लेकीच्या खांद्यावर नीट पांघरलं, आणि वर भय्याजींकडे पाहिलं. अजूनही त्यांनी धोतर वरच धरलेलं होतं.

"भय्याजी," ती म्हणाली, "तेरवी मी करीन. येईन त्याले पोटभर वाढीन. पन तुमचं पान मांडत नाही."