जाऊबाईंनी दिलेलं खत

इनेसचा राग यावा असं काही तिनं केलंच नव्हतं, आणि कोलोंबाला नेमकं तेच जास्त टोचायचं. इनेस ही तिच्या धाकट्या दिराची बायको. जेनोवाजवळच्या प्रा गावात, समुद्राकडे तोंड केलेल्या चढावर दोघींची काचघरं शेजारी शेजारी. बेसिलचं, म्हणजे तिकडच्या सुवासिक तुळशीचं, बी एक, पाणी एक, वारासुद्धा एक. तरी ऑगस्टच्या सणाला चर्चच्या पायरीवर म्हातारी योलांदा दोघींच्या जुड्या नाकाशी धरायची आणि हल्ली दरवर्षी इनेसचीच ठेवून घ्यायची. गावजेवणासाठी खलात कुटायची हिरवी चटणी, पेस्तो, त्याच पानांची. एके काळी हा मान कोलोंबाचा होता.

"हातगुण असतो गं एकेकीचा," योलांदा गेल्या सणाला सगळ्यांदेखत म्हणाली. कोलोंबाला ते वर्षभर पचलं नाही.

यंदा जुलैत ती आपण होऊन इनेसच्या काचघरात गेली. वाफ्यावर आडव्या टाकलेल्या फळीवर पालथी पडून इनेस कोवळी, चार पानांची रोपं मुळासकट उपटत होती.

"पानं फिकी दिसतात गं तुझी. नत्र कमी पडतंय," कोलोंबा म्हणाली. "हे खताचं पोतं घे, पाण्यातून सोड. आणि हात आखडू नकोस, चांगलं दुप्पट सोड."

"अगंबाई! माझ्यासाठी एवढं ओझं उचलून आणलंत, जाऊबाई?" इनेस फळीवरून उतरली आणि मातीच्या हातांनीच तिच्या गळ्यात पडली.

कोलोंबाचं आयुष्य बेसिलमध्ये गेलं होतं. नत्र बेतानं हवंच, नाहीतर पान पिवळं पडतं. जास्त झालं की ते फुगतं, पाणी धरतं आणि वास उडतो. मग खलात लसूण, चीज काहीही घाला, कुटलेलं गवतच खायचं. सगळं समजून उमजून तिनं ते पोतं दिलं होतं.

पण पंधरवड्यात इनेसचे वाफे असे काही माजले की चढावरून जाणारा प्रत्येकजण थांबायला लागला. पाद्रीबुवा थांबले, पोस्टमन थांबला. कोलोंबाचा नवरा जेरोलामो तर जेवताना म्हणाला, "इनेसचं बेसिल पाहिलंस? हिरवंगार! आणि आपलं बघ, सासुरवाशिणीसारखं उपाशी ठेवलेलं."

"खा मुकाट्यानं," कोलोंबा म्हणाली.

ती पानं बिनकामाची आहेत हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी येता-जाता ती काचेतून डोकावायची आणि जळफळायची. आपणच बिघडवलेल्या गोष्टीचा कुणी हेवा करतं का? कोलोंबा करत होती. हेव्याला अक्कल नसते. एका रविवारी गाव प्रार्थनेला गेलेलं पाहून तिनं आपल्याही टाकीत खत कालवलं. थोडंच. पुढच्या रविवारी जरा जास्त.

सणाच्या सकाळी योलांदानं इनेसचं पान चुरडून हुंगलं आणि तोंड वाकडं केलं. "हे काय, सॅलड आणलंस?" लोक हसले. कोलोंबाला मनातल्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या, पण लगेच तिची जुडी म्हातारीच्या हातात गेली.

"हिचीही तीच गत! दोघींनी मिळून सणाची वाट लावलीत. जा रे कुणीतरी, शेजारच्या गावातून बेसिल आणा. आणि पानांना एवढं खत घालायचं सुचवलं कुणी?"

कोलोंबा एक पायरी मागे सरकली.

"जाऊबाईंनी," इनेस म्हणाली. "पण मावशी, त्यांना बोलू नका हं. त्यांनी स्वतःच्या वाफ्यांनाही तेच घातलंय. मनात वाईट असतं तर एकट्या माझ्याच रोपांना नसतं का दिलं?"

सगळ्यांना ते पटलं. योलांदानंही कोलोंबाच्या पाठीवर हात ठेवला. "होतं असं," ती म्हणाली. इनेसनं जावेचा दंड धरून तिला सावलीत नेलं, प्यायला पाणी दिलं. कोलोंबा ते प्यायली. माणसाबद्दल इतकं चांगलं हिला सुचतं तरी कसं, असं तिच्या मनात आलं, आणि लाज वाटायच्या आधी तिला इनेसचा पुन्हा हेवाच वाटला.