लाल टिकली लावलेलं मिग

सातपूरच्या एका लहान कारखान्यात मी तपासनीस आहे. ड्रॉइंगवर लिहिलेलं माप भागात असतं किंवा नसतं. तिसरं काही नसतं. मागच्या वर्षी घरात प्लॅस्टिकची दोन विमानं आली आणि हा हिशेब चालेना.

विमानं बाबांसाठी होती. त्यांची सगळी नोकरी विमानाच्या कारखान्यात मिगचे पंख जोडण्यात गेली. आता त्यांच्या डोळ्यांचा पडदा खराब होत चालला होता. समोरचं आधी पुसट होईल, कडेचं राहील, सहा महिने धरा, असं डॉक्टर म्हणाले. इंदिरानगरला घरी परतताना बाबा रिक्षात म्हणाले, "एक छोटं मिग करून बघतो. दिसतंय तोवर."

मी सुटे भाग जोडून विमान करायची स्वस्तातली दोन किट मागवली, दोन्ही एकास बहात्तर, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाची. खऱ्या मिगचे पंख टोकापासून टोकापर्यंत सात मीटर पंधरा सेंटिमीटर, म्हणजे किटमध्ये ९९.३ मिलिमीटर हवेत. पहिल्यात ९९.१ भरले. पण त्याच्या धडाचा एक अर्धा भाग केळ्यासारखा वाकलेला. शेपटीकडे जुळवला की नाकाकडे उघडायचा. दुसऱ्याचे भाग डब्याला झाकण बसावं तसे बसत होते, मात्र पंख ९५.६. खऱ्या विमानात ही तूट पाऊण फुटाच्या वर जाते.

मग चांगलं कुठलं? मापातलं जुळत नव्हतं आणि जुळणारं मापात नव्हतं. मी कारखान्यातल्या सवयीने दोन्ही खोक्यांवर नापास मालाच्या लाल टिकल्या चिकटवल्या आणि तिसरं किट मागवलं. ते महिन्याने आलं, कॉकपिटच्या काचेला तडा घेऊन. त्यालाही लाल टिकली.

मला वाटलं होतं, मधल्या काळात बाबा एखादं उघडून बसतील. त्यांनी हात लावला नाही. सकाळी गॅलरीत टेबल मांडायचे, पेपर उचलायचे, ठेवून द्यायचे. एक दिवस बायको म्हणाली, "अहो, बाबा आता मथळेसुद्धा मान तिरकी करून वाचतात. थांबलेत कशासाठी ते विचारा तरी."

मी विचारलं.

"तुझ्यासाठी," बाबा म्हणाले. "इन्स्पेक्शनने लाल लावलेल्या मालाला मी कधी हात लावला नाही."

"बाबा, ती माझी मला खूण होती. खेळणं आहे हे."

"खेळणं आहे तर मोजलंस कशाला?"

बायको आतून म्हणाली, "एकाला रिटायर कुणी केलं आणि दुसऱ्याला घरी कुणी सोडलं, तेच कळत नाही."

"डेव्हिएशन दे," बाबा म्हणाले. माप चुकलेला भाग तसाच वापरायची लेखी परवानगी, ती डेव्हिएशन. मी दुसऱ्या खोक्यावर लिहिलं, 'पंख ३.७ कमी, स्वीकृत.' पुढे कारण लिहावं लागतं, तिथे पेन थांबलं. डोळे, असं लिहायचं? तो काही किटचा गुण नव्हे. कारण न लिहिता सही केली. असा कागद कारखान्यात आला असता तर मी परत पाठवला असता.

बाबांनी दोन्ही खोकी उघडून भागांवरून अंगठा फिरवला आणि पहिलं किट ओढून घेतलं.

"ते बसत नाही बाबा."

"बसत नसतंच. बसवायचं असतं."

मी त्याही खोक्यावर सही केली. आता दोन सह्या झाल्या, कारण एकही नव्हतं. बाबांनी बायकोकडून गरम पाणी मागून घेतलं, वाकलेला भाग त्यात बुडवला आणि दोन्ही तळव्यांत धरून हळूहळू सरळ केला. प्लॅस्टिक चिकटवायचं सोल्यूशन लावलं, रबरबँड घातले.

दुसऱ्या दिवशी रबरबँड काढून त्यांनी धड माझ्यापुढे धरलं. "जोड बघ."

नाकाजवळ फट होती. सांगितली तर ते सगळं पुन्हा उकलतील, त्यात आठवडा जाईल, आणि त्यांच्याकडे आठवडे मोजकेच होते. न सांगितली तर मी कसला तपासनीस? मी धड फिरवत राहिलो. बाबांनी ते परत घेतलं, नख जोडावरून नेलं आणि नेमकं तिथेच थांबवलं.

"अर्धा मिलिमीटर. तुला दिसलं नाही, की बोलला नाहीस?"

"काय बोलावं ते कळेना."

"मग पुट्टी आण," ते म्हणाले. "बारीक दाण्याची. आणि आजच आण."