मागच्या दारापाशी एक बटण

गेल्या गुरुवारी आमच्या कॅनडातल्या एडमंटनमध्ये उणे पस्तीस अंशांची सकाळ उजाडली... आणि नेमका त्याच दिवशी माझ्या लेकीचा, इराचा शाळेत नाच होता. तिची नऊवारी सासूबाईंनी स्वतः शिवून नागपूरहून आणली होती. पुढच्या आठवड्यात त्या परत जाणार, म्हणून हा नाच बघायचाच, असं केव्हापासून ठरलेलं.

गाडीची तयारी मी चोख ठेवते. विंटर टायर बसवलेले, डिकीत बर्फ उपसायचं फावडं, ब्लँकेट, बॅटरी उतरली तर दुसऱ्या गाडीला जोडायची जम्पर केबल... नवरा म्हणतो, एव्हरेस्टवर निघालीस का? इतक्या थंडीत इंजिनाला रात्रभर ब्लॉक हीटरची ऊब लागते, नाहीतर गाडी सुरू होत नाही. त्याची वायरही मी आठवणीने बाहेरच्या प्लगमध्ये लावली होती.

सकाळी इरा स्कूल बसने पुढे गेली, नवरा सिटी बसने ऑफिसला. मी आणि सासूबाई नटूनथटून गाडीत बसलो. गाडी जराशी कण्हली... आणि गप्प. पुन्हा पुन्हा चावी फिरवली, पण छे!

वायर बघायला गेले, तर वायर जागच्या जागी. मग मागच्या दारापाशी, आतल्या भिंतीवरचं बाहेरच्या प्लगचं बटण बघितलं. बंद!

"ते मी बंद केलं रात्री," आई, म्हणजे सासूबाई, हळूच म्हणाल्या. "झोपताना सगळी बटणं बंद करायची सवय नं... ह्याचं काही काम असंन, असं वाटलंच नाही गं."

चिडावं तरी कुणावर? ते बटण कशाचं आहे हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. शेजारी कामावर गेलेले, दुसरी गाडीच नाही तर जम्पर केबल घेऊन काय करणार... टॅक्सी बोलावली, पण अशा दिवशी सगळ्या शहरालाच टॅक्सी हवी असते.

शाळेत पोचलो तेव्हा हॉलमधल्या खुर्च्या आवरत होते. इरा नऊवारीतच धावत आली. "आजी, डिड यू सी मी?"

"नाही गं राणी, उशीर झाला आम्हाला," आईंनी तिला जवळ घेतलं. "माझ्यासाठी एकदा पुन्हा करून दाखवशील?"

इराने रिकाम्या हॉलकडे बघितलं. "बट आजी... म्युझिक इज ओव्हर."

व्हिडिओ आहे, टीचरने पाठवला. आईंनी तो बघितला, कौतुकही केलं. पण ज्या एका क्षणासाठी त्या सातासमुद्रापार आल्या, तो माझ्या एका न सांगितलेल्या वाक्यामुळे हुकला... ही हळहळ काही केल्या जात नाही.