विजयश्रीचं हसणं

विजयश्री हसायच्या आधी पाय आवळून घ्यायची. चाकणच्या आमच्या कंपनीत गाड्यांच्या वायरी बांधायच्या लाइनवर ती माझ्या शेजारी उभी असते, म्हणून मला ठाऊक. दुसऱ्या बाळंतपणापासून खोकलं, शिंकलं, हसलं की तिला थोडी लघवी व्हायची. सलवार कायम काळी. डब्याच्या सुट्टीत आम्ही पोट धरून हसायचो, तेव्हा ही कोपऱ्यात तोंड मिटून.

लाइन सोडून लघवीला जायचं तर लाल कार्ड लागायचं. अख्ख्या लाइनला एकच. ते गळ्यात घालून, आपल्या जागी दुसरी बाई उभी करून, सगळ्यांच्या देखत जायचं. विजयश्री इतक्यांदा जायची की सुपरवायझर कुलदीप तिला ‘कार्डवाली’ म्हणू लागला. मग तिने पाणी पिणंच तोडलं. सासूचं म्हणणं, बाईच्या जातीला हे असायचंच. सासूचाही जन्म त्यातच गेला होता.

शेवटी मी तिला ओढत दवाखान्यात नेलं. तिथल्या फिजिओथेरपिस्ट स्नेहलताईंनी आधी पाणी तोडल्याबद्दल झापलं. मग शिकवलं: लघवी आणि वारा अडवताना ओढतो तसे खालचे स्नायू आत-वर ओढायचे, श्वास न कोंडता थोडं धरायचं, मग पूर्ण सैल सोडायचं. रोज करायचं, फरकाला काही महिने लागतील. आणि आलेली लघवी तुंबवायची नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं.

चिखलीला तिच्या एका खोलीत पाच माणसं. आडवं पडून व्यायाम करायला जागा कुठली? मग ती लाइनवरच उभ्याउभ्या करायची. हात वायरीत, चेहरा कोरा. पावसाळ्यात सुरू केलं आणि संक्रांतीच्या सुमारास आमच्याच लाइनवरच्या शालनबाईंनी कुलदीपच्या चालण्याची नक्कल केली, तेव्हा विजयश्री सगळ्यांच्यात बसून खदाखदा हसली. पाय मोकळे सोडून. नंतर माझ्या कानात म्हणाली, “कोरडी हाय बघ.” मला रडूच आलं.

पण ऑफिसातल्या वर्षाली मॅडमनी विचारलं, हल्ली कार्ड घेत नाहीस? या भाबडीने सगळं सांगितलं, वर म्हणाली, “बाकीच्या बायांनाबी शिकवा, मॅडम.” मॅडमनी महिला दिनाला वर्ग भरवला, फोटो काढले, गुलाब वाटले. आग लागो त्या गुलाबांना. पुढच्या सोमवारी लाल कार्ड गायब. कुलदीप म्हणाला, व्यायाम शिकवलाय ना, आता फक्त चहाच्या आणि जेवणाच्या सुट्टीत जायचं. विजयश्रीला जमतं, मग तुम्हाला काय धाड भरली?

विजयश्री तडक मॅडमकडे गेली. हा व्यायाम तुंबवायला नसतो, वेळच्या वेळी जावंच लागतं, असं स्नेहलताईंचं बोलणं तिने जसंच्या तसं सांगितलं.

“अगं, तुझ्यामुळेच तर सुरू केलं आम्ही,” मॅडम म्हणाल्या.

शालनबाई याच गावच्या. कंपनी उभी आहे तिथे पूर्वी त्यांच्या सासऱ्यांचं शेत होतं. त्यांना साखरेचा आजार. त्याच आठवड्यात लाइनवर उभ्याउभ्या त्यांचे कपडे भिजले. खाली बघत त्या म्हणाल्या, “माझ्याच शेतात उभी हाय मी, आन् मुतायची परवानगी न्हाई.” मग वर बघितलं, ते कुलदीपकडे नाही. विजयश्रीकडे.

तेव्हापासून डब्याला तिच्याजवळ मी एकटीच बसते. काल मुद्दाम कुलदीपची नक्कल करून दाखवली. पाय मोकळे सोडून बसली होती ती, पण हसली नाही.